कार्बनच्या बळावर ॲल्युमिनियम

पोलादाच्या मानाने ॲल्युमिनियमचे वजन जवळपास एक तृतीयांश असते, उघड्या हवेत ते पोलादासारखे गंजून झडत नाही, उष्णता आणि वीज यांचे वहन ते उत्तम करते आणि जुन्या भंगारापासून ते पुन्हा मिळवायचे झाल्यास खनिजापासून नवा धातू काढण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे पाच टक्के ऊर्जेत काम भागते. या गुणांमुळे विमानाच्या पंखांपासून विजेच्या तारांपर्यंत आणि मोटारीच्या इंजिनापासून स्वयंपाकघरातल्या पातेल्यापर्यंत सर्वत्र त्याचा वापर होतो. मात्र शुद्ध स्वरूपात हा धातू अतिशय मऊ असतो. ओढून तुटेपर्यंत एखादा पदार्थ प्रत्येक एकक क्षेत्रफळावर जितका ताण सोसतो त्याला ताणबल म्हणतात, आणि तापवून पूर्ण मऊ केलेल्या शुद्ध ॲल्युमिनियमचे ताणबल १०० मेगापास्कलपर्यंतही पोहोचत नाही, तर बांधकामातल्या साध्या पोलादाचे ताणबल ४०० मेगापास्कलच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. त्यामुळे या धातूचा हलकेपणा राखून त्याचे बळ कसे वाढवावे, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे धातुशास्त्रज्ञांपुढे आहे, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याचे एक उत्तर कार्बनच्या अतिसूक्ष्म रूपांमध्ये शोधले जात आहे.

हे उत्तर समजण्यासाठी धातू मऊ का असतो हे आधी पाहावे लागते. धातूतील अणू ओळीने आणि थरांनी रचलेले असतात. या रचनेतला एक संपूर्ण थर दुसऱ्यावरून एकाच वेळी सरकवायचा तर प्रचंड बल लागेल, आणि तसे असते तर प्रत्यक्षात दिसतात त्यापेक्षा धातू कितीतरी पटींनी बळकट असते. १९३४ मध्ये जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे दाखवले की अणूंच्या रचनेत जागोजागी रेषेसारखे दोष असतात आणि धातूला वाकवताना हे दोष पुढे पुढे सरकत जातात. मोठी सतरंजी सबंध ओढण्याऐवजी तिच्या एका टोकाला वळी पाडून ती वळी दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेली तर थोड्या जोरात सतरंजी सरकते, तसाच हा प्रकार आहे. या दोषरेषांना शास्त्रीय परिभाषेत डिस्लोकेशन म्हणतात. धातू बळकट करायचा म्हणजे या दोषरेषांच्या वाटेत अडथळे उभे करायचे, आणि धातुशास्त्रातील बळ वाढवण्याच्या बहुतेक सगळ्या युक्त्या अखेर याच एका गोष्टीवर येऊन ठेपतात.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत ही युक्ती प्रथम हाती लागली ती हे शास्त्र ठाऊक होण्याच्याही आधी. १९०६ मध्ये बर्लिनजवळ काम करणाऱ्या आल्फ्रेड विल्म यांना आढळले की तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात एकदम थंड केले आणि काही दिवस तसेच ठेवले, तर ते आपोआप कठीण होत जाते. यातून ड्युराल्युमिन हा मिश्रधातू निघाला आणि त्याच्या सांगाड्यावर जर्मनीची झेपेलिन हवाई जहाजे उभी राहिली. तो कठीण का होतो याचा उलगडा मात्र १९३८ मध्ये आंद्रे गिनिए आणि जॉर्ज प्रेस्टन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने केला: विरघळलेले तांब्याचे अणू हळूहळू एकत्र येऊन ॲल्युमिनियममध्ये अतिसूक्ष्म गट बनवतात आणि ते दोषरेषांना अडवतात. अशा रीतीने धातूच्या आतून वेगळ्या होणाऱ्या सूक्ष्म कणांना अवक्षेप म्हणतात. विमानांच्या बांधणीत आजही वापरला जाणारा, जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे यांनी युक्त असा ७०७५ हा मिश्रधातू याच तत्त्वावर सुमारे ५७० मेगापास्कल ताणबल गाठतो.

या पद्धतीतला कच्चा दुवा उष्णतेत आहे. जे अणू एकत्र येऊन अवक्षेप बनवतात ते धातूत विरघळणारे असल्यामुळेच तसे करू शकतात, आणि म्हणूनच तापमान १५०-२०० अंश सेल्सिअसच्या पुढे बराच काळ राहिले की त्यांची हालचाल पुन्हा सुरू होते, लहान कण विरघळतात, त्यांचे अणू मोठ्या कणांना जाऊन मिळतात, कणांची संख्या घटते, त्यांच्यातले अंतर वाढते आणि दोषरेषांना वाट मोकळी होते. इंजिनाजवळच्या किंवा वेगवान विमानाच्या तापणाऱ्या भागांसाठी ॲल्युमिनियम मागे पडते ते या कारणाने. यावर उपाय म्हणजे धातूत मुळीच न विरघळणारा अडथळा. कार्बन घन ॲल्युमिनियममध्ये जवळजवळ विरघळत नाही, आणि या संपूर्ण विषयाचे मर्म या एका वस्तुस्थितीत आहे, कारण कार्बनचा मोठा गुणही तिच्यातूनच येतो आणि त्याला ॲल्युमिनियमशी जोडण्यातली मोठी अडचणही तिच्यातूनच येते.

कार्बनच्या ज्या रूपांचा येथे संबंध येतो ती मुख्यतः दोन आहेत. कार्बनचे अणू षट्कोनी जाळीत मांडले गेले आणि त्या जाळीचा एकच अणूइतका जाड थर सुटा मिळाला तर त्याला ग्राफीन म्हणतात. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये तो वेगळा करून दाखवला आणि २०१० मध्ये त्यांना त्याबद्दल भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हाच थर गुंडाळून नळीचा आकार घेतो तेव्हा तिला कार्बन नॅनोनलिका म्हणतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग, आणि या नळ्यांचा व्यास एक ते काही दहा नॅनोमीटर असतो. जपानच्या एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेतील सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या शोधनिबंधाने जगाचे लक्ष या नळ्यांकडे वेधले, जरी सोव्हिएत संघातील राडुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी १९५२ मध्येच अशा नळ्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रे प्रसिद्ध केली होती आणि भाषेच्या भिंतीमुळे ती दुर्लक्षित राहिली. असे पदार्थ मिळवण्याच्या अनेक पद्धती आहेत, आणि भारतीय वाचकाला आवर्जून सांगण्याजोगी एक म्हणजे कापराचा उपयोग: मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी देवघरातल्या या परिचित पदार्थापासून कार्बनचे अतिसूक्ष्म मणी तयार केले, आणि पुढे जपानमध्ये कापरापासून नॅनोनलिकाही बनवल्या गेल्या.

ग्राफीन आणि नॅनोनलिका यांच्या बळाचे आकडे थक्क करणारे आहेत. पदार्थ ताणाखाली किती कमी लांबतो याचे माप म्हणजे यंगचा गुणांक, त्याला साध्या शब्दांत ताठरपणा म्हणता येईल. ॲल्युमिनियमसाठी तो सुमारे ७० गिगापास्कल आहे, पोलादासाठी सुमारे २००, आणि ग्राफीन व चांगल्या नॅनोनलिका यांच्यासाठी सुमारे १०००. कोलंबिया विद्यापीठात २००८ मध्ये निर्दोष ग्राफीनचे बळ १३० गिगापास्कल मोजले गेले, म्हणजे ७०७५ मिश्रधातूच्या दोनशे पटींहून अधिक. अशा पदार्थाची चिमूट ॲल्युमिनियममध्ये मिसळली की धातू पोलादाला मागे टाकेल, अशी कल्पना त्यामुळे सहज होते. पण साधे गणित मांडले तरी ती टिकत नाही. ॲल्युमिनियममध्ये आकारमानाने एक टक्का नॅनोनलिका सगळ्या एकाच दिशेने, अखंड आणि पक्क्या चिकटलेल्या बसवल्या, तरी त्या दिशेतील ताठरपणा ७० वरून ७९ गिगापास्कलच्या आसपास जाईल, आणि त्या अस्ताव्यस्त दिशांना पसरल्या असतील, जशा त्या प्रत्यक्षात बहुधा असतात, तर ही वाढ आणखी कितीतरी कमी भरेल.

तरीही प्रयोगांत बळ वाढलेले दिसते, आणि ते का वाढते याचे उत्तर अधिक उद्बोधक आहे. नॅनोनलिका स्वतः भार उचलते ही एक शक्यता, परंतु त्यासाठी आजूबाजूच्या धातूतून तिच्यात भार शिरला पाहिजे आणि तो शिरतो फक्त तिच्या पृष्ठभागातून. त्यामुळे नळी पुरेशी लांब असावी लागते. उदाहरणादाखल, २० नॅनोमीटर व्यासाची आणि ३० गिगापास्कल बळाची नळी सुमारे ६० मेगापास्कल कर्तनबळ असलेल्या मऊ ॲल्युमिनियममध्ये पुरली, तर तिचे पूर्ण बळ कामी येण्यासाठी ती सुमारे पाच मायक्रोमीटर लांब हवी, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या अडीचशे पट. दुसरा मार्ग ओरोवान यांच्याच नावाने ओळखला जातो: दोषरेषा कणांच्या मधून वाकून जाताना अडते, आणि कण जितके जवळजवळ तितकी ती अधिक अडते. तिसरे कारण तापमानाशी निगडित आहे, कारण प्रत्येक अंशाला ॲल्युमिनियम दशलक्षात सुमारे २३ भाग प्रसरण पावते आणि कार्बनच्या या नळ्या जवळजवळ मुळीच पावत नाहीत, त्यामुळे तयार झालेला पदार्थ थंड होताना त्यांच्याभोवती नव्या दोषरेषांची गर्दी होते आणि त्या एकमेकींनाच अडवतात. चौथे कारण सर्वांत कमी बोलले जाते, पण बहुतेक ठिकाणी तेच सर्वांत प्रभावी ठरते. धातू लहान लहान स्फटिककणांचा बनलेला असतो, हे कण जितके बारीक तितका धातू बळकट, हा संबंध १९५० च्या सुमारास हॉल आणि पेच यांनी प्रस्थापित केला, आणि कणांच्या सीमांवर बसलेला कार्बन त्या सीमांना जखडून ठेवतो, त्यामुळे धातू तापवला तरी हे कण वाढत नाहीत. म्हणजे अनेकदा कार्बन स्वतः ओझे वाहत नाही. ॲल्युमिनियमची बारीक घडण मोडू न देणे हेच त्याचे खरे काम असते.

आता अडचणीकडे वळावे लागते. एक ग्रॅम ग्राफीनच्या दोन्ही बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २६३० चौरस मीटर होते, म्हणजे जवळपास २६ गुंठे, आणि एवढ्या प्रचंड पृष्ठभागामुळे हे थर व नळ्या परस्परांमधील क्षीण आकर्षणानेही एकमेकांना घट्ट बिलगून गुठळ्या करतात. गुठळीच्या आत धातू शिरत नाही, त्यामुळे तेथे बळाऐवजी पोकळी राहते आणि तडा तेथूनच सुरू होतो. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हे पदार्थ नुसते टाकून ढवळावेत तर तेही साधत नाही. वितळलेल्या ॲल्युमिनियमचा पृष्ठताण सुमारे ८६० एककांचा असतो, तर १९९४ मधील प्रयोगांनी दाखवले की नॅनोनलिकांना शंभर-दोनशे एककांपर्यंतचेच द्रव भिजवू शकतात. शिवाय कार्बन ॲल्युमिनियमपेक्षा हलका, त्यामुळे भुकटी रसात मिसळण्याऐवजी वर तरंगून मळीबरोबर बाहेर पडते. म्हणूनच ओतकामाची, म्हणजे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रचलित, वाट या पदार्थासाठी सर्वांत अवघड ठरली आहे.

याच्या जोडीला रासायनिक संकट आहे. कार्बन ॲल्युमिनियममध्ये विरघळत नसला तरी उच्च तापमानाला त्याच्याशी संयोग पावतो आणि ॲल्युमिनियम कार्बाइड हे ठिसूळ संयुग तयार होते, जे पाण्याच्या किंवा दमट हवेच्या संपर्कात आले की विघटन पावून मिथेन वायू सोडते. कोकणासारख्या दमट हवेत वापरायच्या वस्तूत असे संयुग मोठ्या प्रमाणात असणे म्हणजे तिच्या अंगात आतूनच कीड ठेवण्यासारखे आहे. ग्राफीनचा निर्दोष सपाट पृष्ठभाग या अभिक्रियेला सहसा दाद देत नाही. ती सुरू होते मोडलेल्या टोकांपासून, फाटलेल्या कडांपासून आणि जाळीतल्या छिद्रांपासून. मात्र हे कार्बाइड सर्वस्वी शत्रू आहे असेही नाही. जपानमधील तोहोकू विद्यापीठासह अनेक ठिकाणच्या संशोधकांना असे आढळले की नळीच्या टोकांशी अगदी थोडे कार्बाइड बनले, तर ते नळी आणि धातू यांना एकमेकांशी सांधते आणि भार नळीपर्यंत पोहोचण्यास मदत करते. प्रश्न मात्रेचा आहे, आणि ती मात्रा काही नॅनोमीटरांत साधायची आहे.

वितळवण्याची वाट अवघड म्हणून संशोधकांनी भुकटीची वाट धरली, आणि येथेच या विषयातला सर्वांत कठीण पेच समोर येतो. ॲल्युमिनियमची भुकटी आणि नॅनोनलिका पोलादी गोळ्यांसह बंद पिंपात घालून तासन्‌तास फिरवल्या की गोळ्यांच्या आघातांनी गुठळ्या फुटतात आणि नळ्या धातूत दाबल्या जातात. या यंत्राला बॉल मिल म्हणतात. परंतु जे आघात गुठळ्या फोडतात तेच नळ्याही तोडतात, पाच मायक्रोमीटर लांबीची नळी एक मायक्रोमीटरच्याही खाली येते, तिच्यावर जागोजागी जखमा होतात, आणि त्या जखमांपाशीच पुढे कार्बाइड धरते. कमी फिरवावे तर गुठळ्या राहतात, जास्त फिरवावे तर ज्या नळीसाठी सारा खटाटोप केला तीच मोडते. शांघाय जियाओतोंग विद्यापीठातील संशोधकांनी यातून काढलेली वाट मोठी कल्पक आहे: त्यांनी आधी एकट्या ॲल्युमिनियमच्या भुकटीचे दाणे चेचून पातळ पापुद्रे बनवले, मग द्रवात सुट्या केलेल्या कार्बनचा लेप त्या रुंद पापुद्र्यांवर अलगद बसवला आणि शेवटी पापुद्रे एकावर एक दाबून घट्ट केले, त्यामुळे कार्बन न मोडता थराथरांत पसरला. याशिवाय दाबाखाली भुकटीतून वीजप्रवाह सोडून काही मिनिटांत ती भाजणारी स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग ही पद्धत, साच्यातून तापलेला धातू रेटून नळ्यांना एका दिशेत आणणारे हॉट एक्स्ट्रूजन आणि फिरत्या दांड्याच्या घर्षणाने घन धातूच ढवळून काढणारे फ्रिक्शन स्टर प्रोसेसिंग याही पद्धती वापरल्या जातात.

प्रयोगांचे निष्कर्ष वाचताना सावधपणा आवश्यक आहे. १९९८ मध्ये जपानमधील कुझुमाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅनोनलिकायुक्त ॲल्युमिनियमचा आद्य प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा ताणबलात नेत्रदीपक वाढ मुळीच दिसली नव्हती. दिसले ते असे की ६०० अंश सेल्सिअसला दीर्घकाळ ठेवल्यावर त्याच पद्धतीने केलेले साधे ॲल्युमिनियम मऊ पडले, पण नळ्या असलेले फारसे पडले नाही. या निष्कर्षाचे मोल त्यानंतरच्या अनेक विक्रमी आकड्यांपेक्षा अधिक आहे. कैरो येथील अमेरिकन विद्यापीठातील अमल इसावी यांच्या गटाने २०१० मध्ये ताणबलात ५० टक्क्यांपर्यंत आणि ताठरपणात २३ टक्क्यांपर्यंत वाढ दाखवली. २०११ मध्ये अमेरिकेतील एका गटाने ग्राफीन मिसळलेले ॲल्युमिनियम तपासले, तर ते साध्या ॲल्युमिनियमपेक्षाही दुबळे निघाले आणि कारण कार्बाइडचे होते. पुढच्याच वर्षी शांघायच्या गटाने पापुद्र्यांच्या पद्धतीने वजनाने अवघे ०.३ टक्के ग्राफीन घालून २४९ मेगापास्कल ताणबल मिळवले, म्हणजे ६२ टक्के वाढ. पदार्थ तेच, प्रक्रिया वेगळी, आणि फळ परस्परविरुद्ध. अपयशाचा निकाल प्रसिद्ध करणाऱ्या त्या अमेरिकी गटाचे ऋण विशेष मानले पाहिजे, कारण पुढील कामाला दिशा देण्यात अशा निबंधांचा वाटा मोठा असतो.

बळ वाढते तेव्हा बहुधा तन्यता, म्हणजे तुटण्यापूर्वी लांबण्याची क्षमता, घटते, आणि अपघातात चेपून आघात शोषणाऱ्या मोटारीच्या भागासाठी अशी घट घातक ठरते. किमतीचा आणि आरोग्याचा प्रश्नही मोठा आहे. जर्मनीच्या बायर कंपनीने नॅनोनलिकांचे मोठे उत्पादन उभारले होते, परंतु अपेक्षित बाजारपेठ न मिळाल्याने २०१३ मध्ये तिने हा व्यवसाय बंद केला. लांब आणि ताठ नळ्या श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा अपाय करू शकतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून २००८ मध्ये पुढे आले, आणि त्यांच्या एका प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये संभाव्य कर्करोगकारक ठरवले. धातूत बंदिस्त झालेली नळी सहसा बाहेर पडत नाही, धोका भुकटी हाताळणाऱ्या कामगाराला आहे; त्यात ॲल्युमिनियमची बारीक भुकटी स्वतःच स्फोटक असल्यामुळे अशा कारखान्यात सुरक्षिततेची तडजोड करता कामा नये.

या सगळ्याचा विचार करता ७०७५ सारख्या मिश्रधातूला सामान्य तापमानाला बळात हरवण्याची स्पर्धा या पदार्थाने खेळू नये, हे स्पष्ट दिसते. त्याची जागा दोन ठिकाणी आहे. पहिली २०० ते ४०० अंशांच्या पट्ट्यात, जेथे अवक्षेप हार मानतात आणि न विरघळणारा कार्बन टिकून राहतो. दुसरी विजेच्या तारांत. ॲल्युमिनियमच्या तारेची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते, तिला बळ देण्यासाठी मॅग्नेशियम व सिलिकॉन मिसळले की ती सुमारे ५३ टक्क्यांवर येते, कारण विरघळलेले परके अणू इलेक्ट्रॉनांच्या वाटेत येतात. कार्बन विरघळत नसल्यामुळे हे नुकसान टाळून बळ वाढवता येईल, अशी आशा धरण्यास आधार आहे. सह्याद्रीच्या दऱ्या ओलांडणाऱ्या लांब वीजवाहिन्या बांधणाऱ्या राज्याला या प्रश्नात रस असायला हवा, आणि त्यासाठी दूर जाण्याचीही गरज नाही, कारण ॲल्युमिनियमला वाहिलेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र १९८९ पासून नागपुरातच आहे. अशा संस्था, विद्यापीठे आणि तार बनवणारे कारखाने यांनी मिळून काही ग्रॅमच्या नमुन्यांऐवजी काही किलोमीटर लांबीच्या तारेवर चाचण्या घेतल्या पाहिजेत.

वाचकाने एवढे करावे: कार्बनमुळे ॲल्युमिनियम इतके टक्के बळकट झाले अशी बातमी समोर आली की ही वाढ कशाच्या तुलनेत आहे हे पाहावे. तुलना मऊ शुद्ध ॲल्युमिनियमशी असेल तर दुप्पट बळ हीदेखील फार मोठी मजल नव्हे, आणि बॉल मिलमध्ये तितकेच तास फिरवलेल्या पण कार्बन न घातलेल्या भुकटीशी तुलना केलेली नसेल, तर त्या वाढीतला किती वाटा कार्बनचा आणि किती नुसत्या कुटण्याचा, हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही.